दाजीची कृपा

लालबाग, मुंबई
१२ नोव्हेंबर १९५७

सौ. सुभद्रेस दाजीचे आशीर्वाद.

तुझ्या सहीचे हक्कसोडपत्र पोहोचले. देवबागच्या माडांत तुझाही वाटा आहे, असे नवा कायदा म्हणत असेल. पण बहिणीने भावाच्या शब्दावर सही केली, यात बाबांच्या आत्म्याला समाधान आहे. आता माझा शब्द मी पाळतो. गाडी पाठवीत आहे.

काशीरावांनी अकरा वर्षे शेटची गाडी चालवली, आणि शेट वारल्यावर गावी येऊन हात बांधून बसले, हे मला बघवत नव्हते. आता मालवण ते कुडाळ स्वतःची टॅक्सी चालवावी. गाडी छत्तीस सालची, विलायती, काळी. मी रोज तीत बसून दुकानात जातो. बाबांच्या तसबिरीवर हात ठेवून सांगतो, तिची एक तक्रार नाही. आमचा ड्रायव्हर शिवा फोंड्याच्या घाटाने घेऊन येईल.

एकच सांगणे. गाडी नेहमी उतारावर उभी करावी. तिला तशी सवय आहे.

तुझा,
दाजी

०

भरड, मालवण
९ डिसेंबर १९५७

दाजी,

शुद्ध लिहूक बसलंय, पण आनंदात माका शुद्ध सुचणा नाय. समजून घे.

गाडी काल दोपारी इली. बघूक अर्धो बाजार लोटलो. ह्यांनी बॉनेट उघडून आत बघितल्यानी आणि कितक्या म्हयन्यांनी हसले. रामेश्वराक नारळ ठेवलो. मगे माका म्होरे बसवून धुरीवाड्यापर्यंत नेल्यानी. मी पदर डोक्यावरसून काय सोडलंय नाय, पण मनात म्हटलंय, बघा मेल्यांनू, काशीरावची बायल मोटारीतसून जाता.

तुझो शिवा माणूस बरो, पण गप्प गप्प. गाडी उतारार लावल्यान, च्या पण घेवक थांबाक नाय, मिळाली ती मोटार धरून परत गेलो. त्येचो उजवो हात मनगटात वाकडो दिसलो. मी इचारलंय, काय झाला रे? तर म्हणता, "बाय, गाडी उतारारच ठेवा." हाताचा इचारला तर उताराचा सांगता. माका हसाक इला.

सुशीलाक मे म्हयन्यात धाड. आत्येच्या गाडीत बसवून तिका देवबागेक नेतंय.

तुझी भयण,
सुभद्रा

०

मालवण
३ मार्च १९५८

दाजी,

तीन म्हयने झाले, आता सांगल्याशिवाय रवत नाय. ही गाडी न्हय, मागच्या जन्माचा कायतरी आसा.

चौक्याच्या चढार ती थांबता म्हणजे थांबता. परवा नवरी घेवन जाताना थांबली. वऱ्हाड चलत गेला, नवरी शालू वर धरून चलत गेली, नि हे गाडीखाली उताणे. दर मैलाक पाणी मागता. स्प्रिंग तुटली ती काथ्यान आवळली. टपातसून गळता म्हणान होडयेच्या फटींका लावतत ती राळ हाडून बुजवलंय. सकाळी थंड असली काय दवाखान्यातला स्पिरिट टोपणभर तिच्या घशात ओतूक लागता, तेवा खोकत खोकत उठता.

आम्ही हटलो नाय. पण तू रोज दुकानात जाय होतस ती हीच गाडी काय दुसरी, तेवढा लिही.

सुभद्रा

०

लालबाग, मुंबई
२० मार्च १९५८

सौ. सुभद्रेस आशीर्वाद.

पत्र वाचून नवल वाटले. ही गाडी इथे असताना कधी शिंकलीसुद्धा नाही. दोष यंत्राचा नसतो, हाताळणाऱ्याचा असतो. काशीरावांचा हात शेटच्या नव्या गाडीला सरावलेला. जुन्या गाडीला माया लागते. त्यात तुमची खारी हवा. माझे ऐकाल तर शक्यतो चढ टाळावेत.

देवबागची बाग मी खंडाने दिली आहे. तिकडे जाऊन नारळांची विचारपूस करू नये, नवीन माणूस बिचकतो.

दाजी

०

मालवण
१८ जुलै १९५८

दाजी,

ह्यांचो हात मोडलो.

पावसात गाडी चालू करूचा बटण चलणा नाय. म्हणान पंधरा दिसांमागे सकाळी ह्यांनी पुढून हँडल घालून फिरवल्यानी. हँडल उलटा फिरला. हाड मोडल्याचो आवाज मी चुलीकडे आयकलंय. अकरा वर्सां मोटार चालवलेलो माणूस, आंगठो कसो धरूचो ता त्येंका शिकवक नको. पण ठिणगी येळेआधीच पडली, तर शिकलेलो माणूस काय करतलो?

वैद्य म्हणता, हाड जुळात, पण हात सरळ होवचो नाय. आता डाव्या हातान जेवतत. कोण इलो तर ताट बाजूक सारतत, भूक नाय म्हणतत.

काल फडका बदलूक सोडला. माका शिवाचो हात आठवलो. त्याच जाग्यार, त्याच बाजूक वाकडो.

दाजी, शिवाचो हात कशान मोडललो? इतकाच लिही. दुसरा काय माका नको.

सुभद्रा

०

लालबाग, मुंबई
२ ऑगस्ट १९५८

सौ. सुभद्रेस आशीर्वाद.

काशीरावांच्या हाताचे वाचून वाईट वाटले. शिवा लहानपणी आंब्यावरून पडला होता. त्याच्या हाताचा आणि या गाडीचा काडीइतका संबंध नाही. बाबांच्या तसबिरीवर पुन्हा हात ठेवून सांगतो. शिवा आता आमच्याकडे नाही, तेव्हा त्याला पत्र घालण्याचे श्रम घेऊ नयेत. दुःखात माणूस संशयी होतो, म्हणून मी तुझे बोलणे मनावर घेत नाही.

दाजी

०

लालबाग, मुंबई
६ सप्टेंबर १९५८

प्रिय आत्या,

मी तुला लिहिते आहे हे घरात कुणाला माहीत नाही. आतोबांचा हात मोडल्याचं आईकडून कळलं. ते हँडल अजून तसंच उलटं मारतं का? शिवाचा हात मोडला तेव्हा मी गॅलरीत उभी होते. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी. तो ओरडला नाही, नुसता खाली बसला.

बरा झाल्यावर तो बाबांना दोनदा म्हणाला, साहेब, ही गाडी कुणाच्या हातात देऊ नका. बाबा म्हणाले, दुरुस्त करूनच पाठवतो. मला वाटलं केली असेल. पण शिवा गाडी घेऊन निघाला त्या दिवशी पुन्हा तेच म्हणाला, तेव्हा बाबा हसून म्हणाले, "अरे, गावात कोण बघतंय?"

आत्या, मी तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. मला माफ कर.

तुझी सुशीला

०

मालवण
२४ ऑक्टोबर १९५८

तीर्थस्वरूप दाजीदादांस सुभद्रेचा साष्टांग नमस्कार.

आपण म्हणता ते खरे आहे. माझे मन उगाच संशयी झाले होते. आता ते अगदी शांत आहे.

परवा दसऱ्याला गाडीची पूजा केली. गाडीला आजवर नाव नव्हते. ज्यांच्यामुळे आम्हांला हे दिवस दिसले, त्यांचेच नाव असावे असे मी ठरवले. भाई पेंटरने काचेच्या वर पिवळ्या रंगात ठसठशीत लिहिले आहे: 'दाजीची कृपा'. लोकांना एवढे लांब नाव घ्यायला सवड नसते. ते नुसते 'दाजी' म्हणतात. नाक्यावरचा पानवाला, चौक्याचा मास्तर, कट्ट्याची खाणावळवाली हौसाबाई, सर्वांच्या तोंडी दिवसभर आपलेच नाव असते.

ह्यांचा हात आता चाकावर बसतो. हँडलला मात्र कुणी शिवत नाही. ते ओटीवर खुंटीला टांगून ठेवले आहे. गाडी ढकलूनच सुरू करतो. दाजीला हात लावायला माणसे आनंदाने पुढे येतात.

गावात सगळे बघतात, दादा.

आपली,
सुभद्रा

०

लालबाग, मुंबई
१५ जानेवारी १९५९

सौ. सुभद्रेस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दुकानात चार जणांना वाचून दाखवले. डोळे भरून आले. तुझे मराठीही किती सुधारले आहे. गाडीला भावाचे नाव देणारी बहीण आजच्या काळात मिळणार नाही.

आनंदाची गोष्ट म्हणजे सुशीलेचे जमत आले आहे. मुलगा हरिश्चंद्र, गोदीत चांगल्या हुद्द्यावर, घर आचऱ्याचे. मुलगी त्यांना पसंत आहे आणि आमच्या पोरीनेही मान खाली घालून हो म्हटले. मुलाचे चुलते दत्ताराम गावीच असतात. ते रीतीप्रमाणे आमच्या घराण्याची चौकशी करणार आहेत. मी त्यांना छातीठोक कळवले आहे, "आडनाव सांगायची गरज नाही. मालवणात नाक्यावर उभे राहून दाजी कसा आहे म्हणून कुणालाही विचारा."

दाजी

०

मालवण
२८ जानेवारी १९५९

तीर्थस्वरूप दाजीदादांस नमस्कार.

सुशीलेचे वाचून आनंद झाला. आपण दत्तारामरावांना योग्य तेच कळवलेत. जरूर विचारू द्यावे. मी जवळची नातेवाईक; मी काही सांगितले तर ते पक्षपाताचे वाटेल. म्हणून मी मध्ये एक शब्दही बोलणार नाही.

सुभद्रा

०

लालबाग, मुंबई
७ मार्च १९५९

सुभद्रा,

हे तू काय केलेस? दत्तारामांचे पत्र आले. लग्न मोडले. त्यांनी लिहिले ते जसेच्या तसे उतरवून पाठवतो. वाच, आणि देवाला भी.

'आपण सुचवल्याप्रमाणे मालवणचा नाका, आणि खात्रीसाठी चौके व कट्टा, अशा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे चौकशी केली. उत्तरे तंतोतंत जुळली, म्हणून अविश्वासाला जागा नाही. नाक्यावर सांगितले, "दाजी? वरसून रंग लावलोहा, आतसून पार कुजलो." सवयींबद्दल विचारता, "सकाळी टोपणभर स्पिरिट घशात गेल्याशिवाय उठणा नाय." दारूबंदीच्या दिवसांत हे ऐकून आम्ही चपापलो. प्रकृतीबद्दल चौके येथे कळले, "दर मैलाक पाणी पिता, आणि सारखो खोकता." हा मधुमेह असावा, आणि छातीचेही काही असावे. स्वभावाबद्दल: "चार माणसांनी ढकलल्याशिवाय कामाक लागणा नाय. बायका-पोरां आसली काय हटकून अर्ध्या वाटेर सोडता." कट्टा येथील हौसाबाई नामक बाई भर दुकानात म्हणाल्या, "गेल्या म्हयन्यात तीन दिस माझ्या दारात पडान होतो. माझो घोव गावाक गेललो, लोक हसाक लागले." यापुढे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. निघताना एक म्हातारे गृहस्थ आपण होऊन म्हणाले, "मुंबयत कोणाक नको झालो, म्हणान हंय आमच्या गळ्यात मारल्यानी." तरी हा संबंध आम्हांस नको.'

सुभद्रा, मी आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलो नाही. ती हौसाबाई कोण हेही मला ठाऊक नाही. सुशीला तीन दिवस जेवली नाही. ताबडतोब दत्तारामांना लिही, की ती सर्व माहिती गाडीची आहे. ते तुझ्याच शब्दावर विश्वास ठेवतील.

दाजी

०

मालवण
१६ मार्च १९५९

दाजी,

आता आपल्या भाषेत आयक. दादा नि तीर्थस्वरूप पुरे झाला.

माका सप्टेंबरापासून ठावक आसा शिवाचो हात कशान मोडलो. कोणी सांगला ता इचारू नको. आंब्यावरसून पडलो म्हणतस? शिरा पडो तुझ्या त्या आंब्यार. बापाशीच्या तसबिरीर दोन येळ हात ठेवलंस, आणि त्याच हातान माझ्या घोवाच्या हातात ता हँडल दिलंस. गावात कोण बघता, म्हटलंस. म्हणान मी गावाक दाखवलंय. कोण खोटा बोललो सांग. एक तरी उत्तर चुकला काय?

दत्तारामांका लिहूचंय नाय, समोर सांगतंय. त्येंका आणि तुका मी चैत्रात भरडार बोलावतंय. गाडी तिथेच उतारार आसता. पाटी दाखवतंय, सगळी उत्तरां गाडयेची म्हणान चार माणसांत सांगतंय. रामेश्वराची आण.

पण त्याच्या आधी तू माझा एक काम करूचा. आपल्या हातान ता हँडल फिरवूचा. एकच फेरो. गाडी सुरू होवंदे नायतर नको होवंदे. तुझ्याकडे आसताना ती शिंकली सुदिक नाय, मगे तुका भय कसला?

सुभद्रा

०

मालवण
१९ एप्रिल १९५९

लाडक्या सुशीला,

तुला मालवणी वाचताना अडखळायला होतं, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते. काल काय झालं ते तुझे बाबा तुला सांगणार नाहीत. मी सांगते.

दत्ताराम सकाळच्या मोटारीने आचऱ्याहून आले. बाबा कोट-टोपी घालून उभेच होते. मी आधी गाडीवरची पाटी दाखवली आणि म्हटलं, "भावजी, तुम्ही इचारलास दाजी कसो, लोकांनी सांगितल्यानी तो ह्यो दाजी." दत्तारामांनी पाटी वाचली, गाडीभोवती एक फेरी मारली, राळ लावलेला टप बघितला, आणि असे हसले की त्यांची टोपी खाली पडली. हौसाबाईला मुद्दाम बोलावलं होतं. ती म्हणाली, "ह्योच मेलो तीन दिस माझ्या दारात." सगळा नाका हसला. बाबाही हसले. त्यांना वाटलं, सुटलो.

मग मी ओटीवरून हँडल आणलं आणि त्यांच्या हातात दिलं.

बाबा आधी म्हणाले, ढकलूया, मी हात लावतो. मी म्हटलं, ढकलायचं नाही, फिरवायचं. मग म्हणाले, कोट काळा होईल. आतोबांनी पुढे होऊन त्यांचा कोट धरायला हात केला, तोच उजवा. बाबांनी त्या हाताकडे बघितलं नाही. दत्तारामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपले सरळपणे म्हणाले, "फिरवा की, तुमचीच गाडी ती."

बाबांनी हँडल भोकात घातलं. वाकले. दोन्ही हातांनी धरलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, फिरव, फिरव, आणि देवाशप्पत सांगते सुशीला, मला त्यांचं हाड मोडलेलं हवं होतं. बाबांच्या कपाळावरून घाम नाकावर आला. मुंबईची भाषा गळून गेली आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, "माका नको. हात मोडता."

आतोबा गेले नऊ महिने या गोष्टीवर एक अक्षर बोलले नव्हते. ते म्हणाले, "तुमका कसा ठावक?"

"शिवाचो मोडललो."

"गाडी आमका धाडूच्या आधी?"

बाबांनी होय म्हणून मान हलवली. हँडल तसंच गाडीला लटकत राहिलं. नाक्यावर कुणी हसलं नाही.

दत्तारामांनी आतोबांचा हात हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला. मग टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही चौकशी गाडीची केली, पण माणसाची चुकली नाही." आणि ते मोटारस्टँडकडे चालू लागले.

पोरी, आता खरं ऐक. तुझ्या बाबांवर सूड उगवला, तो तुझ्या अंगावर पडला. आणि हे मला जानेवारीतच कळलं होतं. बाबांनी चौकशीचं लिहिलं तेव्हाच मी दत्तारामांना चिठ्ठी पाठवू शकले असते. पाठवली नाही. माझा राग तुझ्यापेक्षा मोठा झाला होता. मला त्याची लाज वाटते आणि तुझ्यापासून मी ते लपवणार नाही.

मी धावत जाऊन दत्तारामांना गाठलं. म्हटलं, "बापाची चौकशी झाली, आता चेडवाची करा." आणि तुझं सप्टेंबरचं पत्र त्यांच्या हातात ठेवलं. ते मी देवघरात ठेवलेलं होतं. त्यांनी उन्हात उभं राहून ते दोनदा वाचलं. विचारलं, "हे तिनं आपणहून लिहिलं? बापाच्या विरुद्ध?" मी म्हटलं, "आतोबांचो हात मोडलो म्हणान लिहिल्यान." त्यांनी पत्राची घडी माझ्या हातात परत दिली. म्हणाले, "आमच्या घरात खरं बोलणारं माणूस एक कमीच आहे. मुहूर्त बघा. पण देणंघेणं, मान, सगळं तुमच्याशी बोलू. त्यांच्याशी नको."

तुझी ओटी मी भरणार आहे. आता जेव.

तुझी आत्या

०

लालबाग, मुंबई
८ नोव्हेंबर १९६०

सुभद्रा,

सुशीलेचे लग्न होऊन दीड वर्ष झाले. तुझी माझी वाट वेगळी झाली, ते मी मान्य केले आहे. पण एक मागणे आहे. ती पाटी पूस.

मुंबईत मालवणचे माणूस भेटले की विचारते, आज एका हाकेत सुरू झालात वाटते. जावयाच्या घरी गेलो तर त्यांच्या घरातली माणसे मी बसायच्या आत तांब्या पुढे करतात आणि तोंड फिरवून हसतात. दुकानात माल उशिरा आला तरी गिऱ्हाईक म्हणते, दाजी चढाला अडकला असेल. मी आता साठीला आलो.

हक्कसोड मी रद्द करून देतो. देवबागचे तुझ्या वाट्याचे माड तुझ्या नावावर करतो. कागद तयार आहे. तू फक्त पाटी पूस.

दाजी

०

मालवण
२० नोव्हेंबर १९६०

दाजी,

माडांचो कागद धाड. ती तुझी कृपा न्हय, तो माझ्या बापाशीचो वाटो आसा. त्येचो नि पाटयेचो संबंध नाय.

गाडी गेल्या पावसात कायमची बंद पडली. हे आता कुडाळच्या एका माणसाची गाडी चालवतत. आमची परड्यात फणसाखाली आसा. मागच्या बाकार कोंबडी खुडूक बसली हा. पाटयेचो रंग उडाक लागललो, म्हणान दसऱ्याक भाई पेंटराक बोलावन नवो दिलो.

ह्यांचो घास अजून डाव्या हातान जाता. सणाक पंगतीत बसणत नाय.

हँडल ओटयेर खुंटयेक आसा. मी दर शनवारी त्येका खोबरेल लावतंय, गंज धरूक देणंय नाय. तू ये, ह्यांच्यासमोर एक फेरो मार. त्याच घडयेक माझ्या पदरान पाटी पुसतंय. गाडी मेली, आता ती उलटी मारूची नाय. तरी तू हात लावचस नाय, ता माका ठावक आसा.

आणि येवचा झाला तर घर बदललंव म्हणान घाबरू नको. आम्ही आता धुरीवाड्यात रवतंव. मोटारीतसून उतरून नाक्यार उभो रव, आडनाव सांगूची गरज नाय. दाजी खंय आसा म्हणान कोणाकय इचार, हात धरून आणून दाखवतले.

सुभद्रा